पेपर ६ डिसेंबरला आला तर? विद्यापीठाकडे काय मागायचे आणि कशाच्या आधारावर

हिवाळी सत्राचे वेळापत्रक लागले की उपनगरांतले बौद्ध विद्यार्थी विषय बघण्याआधी तारीख बघतात. ६ डिसेंबरला पेपर आहे का? ५ तारखेला आणि ७ तारखेला काय आहे? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या वस्त्यांमध्ये आम्ही विद्यार्थ्यांबरोबर काम करतो आणि दरवर्षी नोव्हेंबरात हाच प्रश्न आमच्याकडे येतो. घरी विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली माणसे उतरलेली असतात. आई-वडील पांढरे कपडे घालून चैत्यभूमीला निघालेले असतात. मित्र शिवाजी पार्कवर पाणी आणि जेवण वाटायला, आरोग्य शिबिरात किंवा समता सैनिक दलाबरोबर गर्दी सांभाळायला गेलेले असतात. ज्याचा पेपर आहे तो मात्र हॉल तिकीट खिशात घालून दादरच्या गर्दीतून उलट्या दिशेने वाट काढत असतो.

अशा वेळी दोनच मार्ग आहेत असे बहुतेकांना वाटते. गुपचूप पेपर द्यायचा, नाहीतर पेपर सोडायचा आणि निकालावर एटीकेटी लागली की ती सोसायची. तिसरा मार्ग आहे तो आधीच, लेखी आणि सगळ्यांनी मिळून मागणी करण्याचा. तो फार थोडे जण वापरतात, कारण आपल्याला नेमके काय मागता येते हेच माहीत नसते. हा लेख त्या तिसऱ्या मार्गाविषयी आहे.

सुट्टी आहे, मग अडते कुठे?

महापरिनिर्वाण दिनानिमित्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर जिल्ह्यांतल्या सरकारी कार्यालयांना राज्य शासन अलीकडे स्थानिक सुट्टी जाहीर करते. त्यामुळे अनेकांना वाटते की प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही, आणि त्याची कारणे साधी आहेत.

एक, ही सुट्टी स्थानिक आहे. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मात्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांचे आहे. विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक सगळीकडे एकच असते. दोन जिल्ह्यांतल्या कार्यालयांच्या सुट्टीवरून ते आपोआप बदलत नाही. दोन, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा, अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिके, तोंडी परीक्षा यांच्या तारखा बहुतांशी महाविद्यालयेच ठरवतात. तिथे निर्णय प्राचार्यांच्या आणि परीक्षा समितीच्या हातात असतो. तीन, ६ तारखेला सुट्टी मिळाली तरी ५ आणि ७ तारखेचा प्रश्न उरतोच. ज्या घरात दहा पाहुणे आहेत आणि जिथला मुलगा किंवा मुलगी रात्रभर सेवेला गेली आहे, त्या घरातून ७ तारखेला सकाळी ८ वाजता पेपरला बसणे म्हणजे काय, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

शिवाय ६ डिसेंबर हा एकच दिवस नाही. आपल्या पाळण्याचे बाकीचे प्रसंग कुठे अडतात आणि कुठे अडत नाहीत, हे एकदा नीट मांडून बघायला हवे.

बुद्ध पौर्णिमा आणि १४ एप्रिल या दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या आहेत. तिथे फारशी अडचण येत नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गोष्ट वेगळी आहे. १९५६ साली १४ ऑक्टोबरला विजयादशमी होती. तिथीने दीक्षाभूमीला जाणाऱ्याला दसऱ्याची सुट्टी मिळते, तारखेने पाळणाऱ्याला मिळत नाही. त्यात मुंबई ते नागपूर जायची एक रात्र आणि यायची एक रात्र धरली तर सुट्टीचा एक दिवस पुरत नाही.

वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन बहुधा संध्याकाळी होते, त्यामुळे कॉलेजशी टक्कर कमी. पण पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या विद्यार्थ्याला दुपारी बारानंतर जेवता येत नाही. अकरा ते दोन सलग प्रात्यक्षिक लावले तर तो दिवसभर उपाशी राहतो. त्याला हवी असते ती बाराच्या आत वीस मिनिटांची मोकळीक. एवढीच मागणी, पण ती कुणी कधी केलेली नसते.

श्रामणेर शिबिर साधारण दहा दिवसांचे असते. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला येण्या-जाण्याचे दिवस धरून बारा दिवस लागतात. इथे ७५ टक्के हजेरीचा नियम आडवा येतो. श्रामणेर शिबिराहून मुंडन करून परतलेल्या मुलाला वर्गात टोमणे ऐकावे लागतात तो भाग वेगळाच.

पाळण्याची मोकळीक आणि सामील न होण्याची मोकळीक

धार्मिक पालनासाठी सवलत म्हटले की आपल्याला रजा आठवते. बौद्ध विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याला दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे धम्म पाळणे म्हणजे काही गोष्टी करणे, तसेच काही गोष्टी न करणेही आहे. दीक्षा घेताना घेतलेल्या २२ प्रतिज्ञांमधल्या पहिल्या काही प्रतिज्ञा नेमक्या न करण्याच्या आहेत. त्यांत कोणत्या देवतांना मानणार नाही आणि कोणाची उपासना करणार नाही, हे स्पष्ट सांगितले आहे.

आता उपनगरांतल्या एखाद्या कॉलेजचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. गणपती, सरस्वतीपूजन, दसऱ्याला प्रयोगशाळेतल्या किंवा कार्यशाळेतल्या यंत्रांची पूजा, कुठे सत्यनारायण. बहुतेक ठिकाणी हजर राहण्याची सक्ती कागदावर नसते. पण वर्गप्रतिनिधीने वर्गणी गोळा करायची असते, प्रसाद वाटायचा असतो, सजावटीच्या कामाला स्वयंसेवेचे तास मोजले जातात, आरतीला कोण आले नाही हे सर बघत असतात. एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले होते, “मी नाही म्हटले तर इंटर्नलचे मार्क कापतील का?” हा प्रश्न मनात येतो, यातच सगळे आले.

याचे उत्तर संविधानात आहे. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, राज्याची मान्यता किंवा राज्याकडून अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा संस्थेत होणाऱ्या उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे ‘मी पूजेला येणार नाही’ हे सांगणे उद्धटपणा नाही. तो लेखी हक्क आहे, आणि तो ख्रिस्ती, मुस्लिम, नास्तिक, हिंदू अशा प्रत्येक विद्यार्थ्याला सारखाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल इथे माहीत असायला हवा. केरळमध्ये १९८५ साली जेहोवाज् विटनेस पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युअल प्रकरणात न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितले. आदराने उभे राहून सामील न होणे हा कुणाचा अपमान नाही, ही त्या निकालाची मुख्य शिकवण. पूजेच्या वेळी बाजूला शांत उभ्या राहणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्यालाही हाच आधार आहे.

चेंबूरच्या प्रकरणाकडे आपण का बघायचे?

२०२४ मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाचे प्रकरण गाजले. महाविद्यालयाने गणवेशाचे नियम काढले. त्यात हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी आणि बॅज यांना मनाई होती. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ ला त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅज यांच्यावरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालायला मात्र परवानगी दिली नाही आणि आवारात धार्मिक कार्यक्रम करता येणार नाहीत असेही स्पष्ट केले. टिळा किंवा टिकली लावणाऱ्यांनाही तुम्ही मनाई करणार का, असा प्रश्न न्यायालयाने महाविद्यालयाला सुनावणीत विचारला.

आपल्यातल्या काहींनी या बातमीकडे ‘मुस्लिम मुलींचे प्रकरण’ म्हणून पाहिले आणि पुढे गेले. पण मनाईच्या यादीतला शेवटचा शब्द परत वाचा. बॅज. निळा बिल्ला, अशोकचक्राचा बिल्ला, बाबासाहेबांचा फोटो असलेला बिल्ला, यातले काहीही त्या शब्दात बसू शकते. एकाच्या डोक्यावरचे कापड काढायला लावणारा नियम उद्या दुसऱ्याच्या छातीवरचा बिल्ला काढायला लावतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. अशा खटल्यांत न्यायालये बहुधा एक कसोटी लावतात. अमुक आचरण त्या धर्माचा ‘अत्यावश्यक भाग’ आहे का? १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून ही कसोटी रुजली. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये हिजाबचा निकाल याच कसोटीवर दिला आणि चेंबूरच्या प्रकरणातही उच्च न्यायालयाने ती विचारात घेतली. कसोटी लावायची म्हणजे धर्मग्रंथ उघडायचे आणि त्यात ते आचरण सांगितले आहे का ते शोधायचे.

ही कसोटी आपल्याला लावली तर काय होईल? ६ डिसेंबर त्रिपिटकात नाही. १४ ऑक्टोबर नाही. दीक्षाभूमीची यात्रा नाही, २२ प्रतिज्ञा नाहीत. जो धम्म १९५६ मध्ये लाखो माणसांनी जाणीवपूर्वक, विचार करून स्वीकारला, त्याचे सगळ्यात मोठे दिवस ग्रंथाच्या कसोटीवर ‘स्मृतिदिन’ ठरतील. काही कार्यालयांत आजही हेच उत्तर मिळते, की ६ डिसेंबर हा पुण्यतिथीचा दिवस आहे, धार्मिक नाही. पण त्या दिवशी चैत्यभूमीवर जे होते ते बघा. त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना, पांढरी वस्त्रे, दान, सेवा. याला धार्मिक आचरण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

इथे एक इतिहास सांगायला हवा, कारण वादात तो आपल्यावरच उलटवला जातो. २ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी धर्माची व्याख्या मर्यादित ठेवण्याचा आग्रह धरला होता. जे विधी मुळात धार्मिक स्वरूपाचे आहेत तेवढेच धर्मात मोजावेत, वारसा किंवा कुळवहिवाट यांचे कायदे धर्माच्या नावाखाली सुधारणेपासून वाचता कामा नयेत, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांना जन्मापासून मरणापर्यंत सगळे जगणे धर्माच्या ताब्यात द्यायचे नव्हते. पुढे न्यायालयांत प्रश्नाचे रूप बदलले. ‘हे आचरण धार्मिक आहे की ऐहिक?’ याऐवजी ‘हे आचरण त्या धर्माला अत्यावश्यक आहे का?’ असे विचारले जाऊ लागले. पहिला प्रश्न सुधारणेसाठी जागा करतो. दुसरा प्रश्न न्यायाधीशांना धर्मशास्त्र्याच्या जागी बसवतो. बाबासाहेबांचे भाषण पहिल्या प्रश्नाचे आहे.

दुसरी वाटही न्यायालयातच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या हिजाब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली. न्या. सुधांशू धुलिया यांनी अत्यावश्यक आचरणाच्या वादात शिरायचीच गरज नाही असे म्हटले. मुलीची निवड आणि तिचे शिक्षण हा त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न होता. अनुच्छेद २५ ची सुरुवातच सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याने होते. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा माणूस प्रामाणिकपणे काय मानतो, याला तिथे आधी जागा आहे. आपल्या दिवसांना भक्कम आधार मिळतो तो इथूनच. म्हणून चेंबूरच्या मुलींचा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. त्यांच्या बाबतीत जी कसोटी रूढ होईल, तीच उद्या आपल्यालाही लागू होईल.

नियम आणि अपवाद: विनयातले एक उदाहरण

‘नियम म्हणजे नियम, एकाला सूट दिली तर शिस्त राहणार नाही,’ हे वाक्य आपण कार्यालयांत नेहमी ऐकतो. शिस्त म्हणजे काय हे बौद्ध परंपरेला कुणी शिकवायची गरज नाही. भिक्खुसंघाइतकी नियमबद्ध संस्था प्राचीन भारतात शोधून सापडणार नाही. ती संस्था नियम कसे करत होती ते बघू.

बोरिवलीच्या कान्हेरीला गेलात की लेण्यांच्या बाहेर खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या दिसतात, आत झोपायचे ओटे दिसतात. भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहत, त्या जगण्याच्या या खुणा. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाचा नियम कसा झाला ते सांगितले आहे. भिक्खू पावसातही फिरतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी तक्रार लोकांनी केली आणि भगवंतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला.

पण नियम तेवढ्यावर थांबला नाही. वर्षावास सुरू करायला दोन तारखा ठेवल्या. आषाढ पौर्णिमेनंतर एक आणि तिच्यानंतर महिन्याने दुसरी. पहिली चुकली तर दुसरी आहे. वर्षावासाच्या मधेच आई-वडील आजारी पडले, एखाद्या भिक्खूला मदतीची गरज लागली, उपासकाने धम्मकार्यासाठी बोलावले, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाऊन परत यायची मुभा ठेवली. पूर, आग, हिंस्र जनावरे अशा संकटात जागा सोडली तर दोष नाही, असेही सांगितले.

आजच्या भाषेत सांगायचे तर त्यात पर्यायी तारीख होती, ठरावीक मुदतीची रजा होती आणि आपत्तीत सूट होती. या सगळ्या गोष्टी आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. सूट मागणाऱ्याला कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नव्हते. शिस्त अशा अपवादांमुळे मोडत नाही, उलट टिकते, याला अडीच हजार वर्षांचा दाखला आहे.

आपण विद्यापीठाकडे हेच मागायचे आहे. सरांची कृपा मागायची नाही, लिहिलेला नियम मागायचा. कृपा ओळखीवर मिळते. ज्याला प्राचार्यांशी बोलायचे धाडस आहे किंवा ज्याचे काका संघटनेत आहेत, त्याला मिळते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला ती मिळत नाही.

इतर ठिकाणी कसे करतात?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम आहे. धार्मिक श्रद्धेमुळे एखाद्या दिवशी हजर राहता आले नाही, तर विद्यार्थ्याची गैरहजेरी माफ करायची, बुडालेली परीक्षा किंवा काम पूर्ण करायची तेवढीच संधी द्यायची आणि त्यासाठी जादा फी घ्यायची नाही.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शीख उमेदवारांना कडे आणि कृपाण घालून नीट परीक्षेला बसू दिले. अट एकच, तपासणीसाठी एक तास आधी यायचे. सुरक्षेची चिंता खरी होती आणि तिच्यावरचा उपाय एक तासाचा होता. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी १४ दिवसांपर्यंतच्या रजेची तरतूद केलेली आहे. ज्या राज्यात कर्मचाऱ्याला अशी रजा मिळते, त्या राज्यात विद्यार्थ्याच्या दहा दिवसांच्या शिबिराचा विचार हजेरीच्या हिशेबात होऊ नये, याला कारण सापडत नाही. आजारपण, एनसीसी, एनएसएस, क्रीडा स्पर्धा यांसाठी हजेरीत सूट दिली जाते, ती पद्धत महाविद्यालयांना नवी नाही. त्याच यादीत एक ओळ वाढवायची आहे.

मात्र मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. कॅनडात टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात २०१३ मध्ये समाजशास्त्राच्या ऑनलाइन वर्गातल्या एका विद्यार्थ्याने धार्मिक कारण सांगून गटकार्यात मुलींबरोबर बसायला नकार दिला. विद्यापीठ प्रशासन सूट द्यायच्या बाजूने होते. प्राध्यापक पॉल ग्रेसन यांनी नकार दिला. एका विद्यार्थ्याच्या श्रद्धेसाठी वर्गातल्या मुलींना दुय्यम ठरवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या विद्यार्थ्याने ते मान्य करून गटकार्य पूर्णही केले. आम्हाला प्राध्यापकांची भूमिका पटते. जी सूट दुसऱ्याची समानता किंवा प्रतिष्ठा कमी करते, ती सूट नाही. उद्या कुणी ‘अमुक जातीच्या मुलाने बनवलेले मी खात नाही, ही माझी श्रद्धा आहे’ म्हणाले तर त्यालाही हेच उत्तर. आपण ज्या समाजातून आलो आहोत, त्याला ही मर्यादा सांगायला नको.

नेहमीच्या आक्षेपांना काय उत्तर द्यायचे?

“प्रत्येक धर्माला दिवस दिले तर शिकवायचे कधी?” सगळे कॉलेज बंद ठेवा असे आपण म्हणतच नाही. ज्याला पाळायचे आहे त्याला वर्षाकाठी ठरावीक दोन किंवा तीन दिवस मिळावेत आणि त्या दिवशी अंतर्गत परीक्षा असेल तर दुसरी तारीख मिळावी, एवढीच मागणी आहे. रमजानमधल्या मुलाला, पर्युषणातल्या मुलीला, गुड फ्रायडे पाळणाऱ्याला हाच नियम लागू होईल.

“दुसरा पेपर काढायचा म्हणजे खर्च आणि गोपनीयतेचा प्रश्न.” विद्यापीठाच्या मोठ्या परीक्षेबाबत हा आक्षेप खरा आहे. म्हणून तिथे मागणी वेगळी करायची. वेळापत्रक तयार करतानाच ६ डिसेंबर आणि १४ ऑक्टोबर या तारखा मोकळ्या ठेवाव्यात. तारखा ठरलेल्या आहेत, दरवर्षी त्याच येतात. आधी केले तर त्याला एक रुपयाही लागत नाही.

“आधी राखीव जागा, आता सुट्ट्याही?” हे सहसा पाठीमागे बोलले जाते. दोन्हींचा संबंध नाही, एवढेच उत्तर पुरे. आरक्षण सामाजिक प्रतिनिधित्वाचे आहे. इथे मागणी धर्मस्वातंत्र्याची आहे आणि ती सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

“वेळापत्रक असे बदलता येत नाही.” बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळी वर्ग भरवले. दिवसा कारकुनी करणाऱ्यांच्या जगण्याकडे बघून तिथे घड्याळ ठरले. वेळापत्रक माणसेच करतात.

आता काय करायचे?

पहिले काम कागदाचे. प्रवेश अर्जात धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले आहे का ते तपासा. जातीच्या दाखल्याच्या भीतीने आजही काही घरांत तिथे दुसरे काही लिहिले जाते. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा लाभ केंद्रातही मिळतो, हे घरी समजावून सांगा.

दुसरे, मागणी सत्र सुरू होताना करा. आदल्या आठवड्यात केलेला अर्ज रडगाणे वाटतो, जूनमध्ये केलेला अर्ज नियोजनाचा भाग होतो. अर्ज एकट्याने करू नका. दहा जणांच्या सह्या घ्या, इतर धर्मांच्या मित्रांच्याही घ्या. अर्जाची प्रत ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घ्या. मजकूर साधा ठेवा. नमुन्यासाठी पुढचा मजकूर वापरता येईल.

“मा. प्राचार्य यांस, विषय: धार्मिक दिवसांच्या निमित्ताने परीक्षेची पर्यायी तारीख व हजेरीत सूट मिळण्याबाबत. महोदय/महोदया, आम्ही खाली सह्या करणारे विद्यार्थी बौद्ध व इतर धर्मांचे आहोत. चालू शैक्षणिक वर्षात ६ डिसेंबर (महापरिनिर्वाण दिन) आणि १४ ऑक्टोबर (धम्मचक्र प्रवर्तन दिन) या दिवशी, तसेच इतर धर्मीयांच्या प्रमुख दिवशी, अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा ठेवू नये. ठेवणे अटळ असल्यास आधी कळवणाऱ्या विद्यार्थ्यास विनाशुल्क पर्यायी तारीख द्यावी. या दिवसांची गैरहजेरी हजेरीच्या हिशेबात धरू नये. महाविद्यालयातील पूजाविधींत सहभाग ऐच्छिक असल्याचे परिपत्रकाद्वारे स्पष्ट करावे (संविधान, अनुच्छेद २५ व २८ (३)). लेखी उत्तर मिळावे ही विनंती.”

तिसरे, उत्तर आले नाही किंवा नकार आला तर पुढची पायरी विद्यार्थी तक्रार निवारण समितीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी समिती प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत असावी लागते. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर लोकपालाकडे अपील करता येते. पूजेला न आल्यामुळे कुणी त्रास दिला, मार्क कापायची धमकी दिली, तर ती तक्रार वेगळी लिहा. तारीख, वेळ आणि कोण काय म्हणाले हे त्याच दिवशी टिपून ठेवा.

चौथे, विद्यापीठ पातळीवर परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे निवेदन द्या आणि अधिसभा सदस्यांना भेटा. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. आपल्यातले पदवीधर मतदार म्हणून नोंदणीच करत नाहीत, मग मते मागायला कुणी आपल्याकडे कशाला येईल? विहारात वर्षावासाच्या काळात एक रविवार या नोंदणीसाठी ठेवता येईल.

२०२६ मध्ये ६ डिसेंबर रविवारी येतो, त्यामुळे त्या वर्षी बहुतेकांची अडचण आपोआप टळेल आणि प्रश्न विसरला जाईल. २०२७ मध्ये तो सोमवारी येतो. कॉलेजच्या परिपत्रकात एक ओळ आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकात दोन मोकळ्या तारखा मिळवायला आपल्या हातात तेवढा वेळ आहे. या जूनमध्ये आपापल्या कॉलेजात पहिला अर्ज पडू द्या.